सतरावी जोडी

ऑफिसात तिला सगळे मोजणीताई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. आडनावाने हाक मारणारी माणसं कामापुरती येतात आणि जातात. टोपणनाव मिळालं की आपण तिथले झालो, असा तिचा हिशेब होता. शिक्षण संशोधनाच्या त्या कार्यालयात तिला बारा वर्षं झाली होती, आणि बारा वर्षं ती दुसऱ्यांच्या प्रयोगांचे आकडे निस्तरत आली होती. कोणीतरी नव्या पद्धतीने शिकवून बघायचं, ज्या शाळा आपणहून पुढे आल्या त्यांतच बघायचं, सगळं उरकल्यावर फाइल तिच्या टेबलावर यायची: ताई, यावर जरा आकडेमोड करून द्या. म्हणजे वरातीमागून घोडं.

यंदा मात्र घोडं पुढे होतं. जोडीवाचनाचा प्रयोग पहिल्या कागदापासून तिने आखला होता.

जोडीवाचन म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे. पाचवीतल्या मुलाने दुसरीतल्या मुलाच्या शेजारी बसायचं आणि रोज वीस मिनिटं त्याच्याकडून छापील शब्दकार्डं मोठ्याने वाचून घ्यायची. ऐकणारा प्रत्येक जण म्हणायचा, याने फायदा होणारच. मोजणीताईला या ‘होणारच’चा फार राग होता. तिने ऐंशी शाळा घेतल्या आणि गेल्या वर्षीचं वाचन, पटसंख्या, वस्ती असं सगळं पाहून सारखीला सारखी लावत त्यांच्या चाळीस जोड्या केल्या. प्रत्येक जोडीतली एक शाळा यंदा सुरू करणार, दुसरी वर्षभर वाट पाहणार आणि पुढच्या वर्षी सुरू करणार. वर्षाअखेरी दोन्हीकडची दुसरीची मुलं मिनिटाला किती शब्द वाचतात ते तपासायचं. कोणी आधी आणि कोणी नंतर, हे साहेबांनी ठरवायचं नाही, तिनेही नाही. ते नाण्याने ठरवायचं. हौशी मुख्याध्यापकांना पुढे येऊ दिलं तर नंतर दिसलेला फरक पद्धतीचा की हौसेचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. नाण्याला हौस नसते.

नाण्याला नातंही नसतं, आणि हे जास्त महत्त्वाचं होतं. कारण त्या ऐंशी शाळांतली एक तिच्या आईची होती.

आई तिथे तेहतीस वर्षं होती, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. मोजणीताईही त्याच शाळेत शिकली. चौथीत ती आईच्याच वर्गात होती आणि दुसरी आली होती. पहिली का आली नाही, हा विषय घरात कोणी काढत नसे. प्रयोग सुरू होण्याआधीच तिने हे नातं लेखी कळवलं होतं. म्हणून नाणं उडवायला तिने कॅन्टीनवाल्या काकांना उभं केलं आणि निकालाच्या तक्त्यात शाळांची नावं न घालता नुसते क्रमांक घालायला लावले. सगळी आकडेमोड कशी करायची ते आधीच लिहून, लिफाफ्यात बंद करून, साहेबांच्या कपाटात ठेवलं. त्यात एक वाक्य होतं ज्याचा तिला विशेष अभिमान होता: नाण्याने ज्या शाळेला जिथे बसवलं, ती शाळा तिथेच मोजायची, मग तिने वर्षभर काहीही करो.

सोडतीच्या दिवशी सभागृहात ऐंशी मुख्याध्यापक बसले होते. काका गंभीर चेहऱ्याने नाणं उडवत होते. इतकं महत्त्व त्यांना चहाने कधी दिलं नव्हतं. नवव्या जोडीला नाणं टेबलावरच्या कपाला आपटून पडलं.

“हे धरायचं नाही,” हरलेले गृहस्थ म्हणाले. “पुन्हा उडवा.”

“पडलं ते पडलं,” मोजणीताई म्हणाली. “कपाला तुमची शाळा कुठली ते माहीत नाही.”

सभागृह हसलं. मग सतरावी जोडी आली. छापा पडला असता तर आईची शाळा सुरू करणारी झाली असती. काटा पडला. आईने आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. मोजणीताईने पुढचा क्रमांक पुकारला.

बसथांब्यापर्यंत दोघी बरोबर चालल्या.

“पुढच्या वर्षी मी नसणार,” आई म्हणाली. “मार्चमध्ये निवृत्त होतेय. तुझं ‘पुढच्या वर्षी’ म्हणजे माझ्यासाठी कधीच नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग काही नाही, आई. नाणं आहे ते.”

आईने त्यावर काही म्हटलं नाही. ती गप्प बसली की काहीतरी करणार असते, हे लेकीला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

वर्ष सरलं. वाचन तपासणाऱ्या बाया शाळाशाळांतून फिरून आल्या. कुठली शाळा कुठल्या गटातली ते त्यांना मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. मूल समोर बसवायचं, घड्याळ लावायचं, शब्द मोजायचे, एवढंच त्यांचं काम. तक्ते आले आणि मोजणीताईने लिफाफा उघडून त्यातल्या शब्दाप्रमाणे आकडेमोड केली. सुरू करणाऱ्या शाळांतली मुलं सरासरीने मिनिटाला तीन शब्द जास्त वाचत होती. पण जोडीजोडीत फरक कमीजास्त होता, त्यामुळे नुसतं तीन म्हणून भागत नाही. खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकेल ती पट्टीही सांगावी लागते. ती पट्टी सहापर्यंत जात होती. आणि शून्याच्या केसभर खालून सुरू होत होती. लिफाफ्यात लिहिलं होतं की पट्टी पूर्ण शून्याच्या वर असेल तरच ‘उपयोग होतो’ म्हणायचं.

केसभर. तिने तीनदा तपासून पाहिलं. मग एकेक जोडी वाचत गेली आणि सतराव्या क्रमांकावर थांबली. बाकीच्या जोड्यांत कधी ही शाळा पुढे, कधी ती. इथे वाट पाहणारी शाळा तब्बल वीस शब्दांनी पुढे होती.

कुठली शाळा ते तक्त्यात नव्हतं, पण सतरावा क्रमांक ती विसरणार थोडीच होती. तिने तपासनीस बाईंची वही मागवली. बाईंनी सवयीने वर्गाचं वर्णन लिहिलं होतं: मुलं दोन-दोन करून बसतात. मोठी मुलगी लहानाच्या ओळीखाली बोट धरते. पुठ्ठ्यांवर हिरव्या शाईत शब्द, मागच्या बाजूला जुन्या कॅलेंडरच्या तारखा.

हिरवी शाई. त्या शाईने तिच्या लहानपणीच्या प्रत्येक वहीत शेरे पडले होते. मोजणीताईने वही मिटली. आधी तिला राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ, तिची इच्छा नसताना, छाती भरून आली. वीस शब्द म्हणजे काय चेष्टा नव्हती. एवढं इतर कोणत्याही शाळेला जमलेलं नव्हतं.

संध्याकाळी ती आईकडे गेली. आई चहा गाळत होती.

“तू वर्षभर जोडीवाचन केलंस.”

“छे,” आई म्हणाली. “ती दुपारची गोष्टींची वेळ होती.”

“कोण वाचायचं?”

“दुसरीची मुलं.”

“शेजारी कोण बसायचं?”

“पाचवीची.”

“किती मिनिटं?”

आईने गाळणी खाली ठेवली. “वीस,” ती म्हणाली. “पण तुमची छापील कार्डं नव्हती हं. ती आम्ही घरी केली, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर.”

इतक्या गंभीर प्रसंगीही मोजणीताईला हसू आलं. मग तिने सगळं सांगितलं. तीन शब्द, केसभर खाली गेलेली पट्टी, सतराव्या जोडीतले वीस शब्द. आई लक्ष देऊन ऐकत होती. हुशार बाई होती ती. शेवटाला येण्याआधीच तिला शेवट कळला होता.

“म्हणजे माझ्यामुळे अडलं.”

“थोडं तुझ्यामुळे. सगळं नाही.”

“मग माझी जोडी काढून टाक ना. पट्टी वर येते का?”

“येते. पाऊण ते साडेसहा.”

“मग झालं तर. चूक माझी, तिचा भुर्दंड बाकीच्यांनी का भरायचा? ती जोडी बाद कर आणि मोकळी हो.”

“नाही करता येत, आई.”

“का नाही?”

“कारण ते मी आकडे बघितल्यावर केलेलं होईल. ही जोडी आपल्याला अडचणीची म्हणून डोळ्यांत आली. आपल्या सोयीच्या बाजूला एखादी विचित्र जोडी असती तर तिची वही मी मागवली असती का? आणि समज, चोरून करणाऱ्या सगळ्या शाळा मी गाळल्या. चोरून कोण करतं? जिला मुलांची कळकळ आहे तीच. अशा शाळा काढल्या की वाट पाहणाऱ्यांत उरणार कोण? थंड गोळे. त्यांच्याशी तुलना करून जिंकले तर त्यात काय मोठेपणा?”

आईने कपातली साय बोटाने बाजूला केली.

“अहवालात काय लिहिणार?”

“सतराव्या जोडीतल्या वाट पाहणाऱ्या शाळेने वर्षभर जोडीवाचन केलं, असं. नाव नाही लिहिणार.”

“नाव कशाला हवं? सोडतीला सगळे हजर होते. महिनाअखेरीस माझा निरोप समारंभ आहे, आणि तू ऐंशी जणांसमोर सांगणार की मी लबाडी केली.”

“मी सांगणार की असं झालं.”

“आईचं नाक कापून तुझी पट्टी सरळ राहणार असेल तर राहू दे,” आई म्हणाली आणि चहाचे कप उचलून मोरीकडे गेली. मोजणीताईचा कप अजून अर्धा भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तोच प्रश्न विचारला, फक्त गोड आवाजात. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी वरच्या लोकांना ‘होणारच’ म्हणून सांगून ठेवलं होतं आणि आता ते होईना, एवढंच त्यांचं दुखणं होतं.

“ताई, सतरावी जोडी वगळा. खाली एक तळटीप टाका. कोण वाचतंय तळटीप?”

“मी वाचते, सर.”

संगणक विभागातल्या गृहस्थांनी दुसरी युक्ती काढली. “चाळीस जोड्या कशाला मोजताय? सहा हजार मुलं आहेत. मुलं सुटी सुटी मोजली तर पट्टी एवढीशी होते बघा, शून्याच्या केव्हाच वर.”

“नाणं मुलांसाठी उडवलं होतं का शाळांसाठी?”

“शाळांसाठी.”

“मग शाळाच मोजायच्या. एका वर्गातली तीस मुलं म्हणजे तीस साक्षीदार नव्हेत. बाई एक, फळा एक, खिडकीबाहेरचा गोंगाट एक. एकाच घरातल्या तीस जणांची मतं घेऊन गावाचा कौल म्हणून सांगायचा, त्यातली गत.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“हा तुमचा पहिलाच प्रयोग,” ते म्हणाले. “निकाल अर्धवट लागला तर दुसरा मिळेलच असं नाही. आणि त्यात तुमच्या आईचं नाव निघणार. तुम्हाला हे सगळं हवंय?”

“नकोय, सर,” ती म्हणाली. “पण लिफाफा तुमच्या कपाटातला आहे. सही तुमचीही आहे.”

साहेबांनी सही बघितली. सही त्यांचीच होती, झोकदार आणि मोठी.

चार दिवस आईचा फोन आला नाही. मोजणीताईनेही केला नाही. हट्टात दोघी एकमेकींना हार जाणाऱ्या नव्हत्या. खाण तशी माती. या चार दिवसांत तिने अहवाल लिहिला. मुख्य आकडा सोडतीप्रमाणे, चाळीसच्या चाळीस जोड्यांचा. दुसरा आकडा सतरावी जोडी सोडून, आणि त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत: हा आकडा निकाल पाहिल्यानंतर काढलेला आहे, यावर निर्णय घेऊ नये. आईच्या शाळेतली मुलं जितकी छान वाचत होती, तितका निकाल वाईट दिसत होता, आणि हे कोणाला समजावून सांगायचं?

निकालाच्या दिवशी सभागृहात तेच ऐंशी जण होते. आई तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती, सोडतीच्या दिवशी बसली होती तिथेच. मोजणीताईने आकडे सांगितले. तीन शब्द. पट्टी शून्याच्या किंचित खालून सहापर्यंत.

“म्हणजे उपयोग होतो का नाही?” मागून कोणीतरी विचारलं.

“होत असावा असं दिसतं. होतोच, असं अजून म्हणता येत नाही. म्हणण्याजोगं झालं की मी स्वतः येऊन सांगेन.”

मग तिने पुढचं पान उलटलं. “एक गोष्ट नोंदवायची आहे. सतराव्या जोडीतल्या वाट पाहणाऱ्या शाळेने वर्षभर जोडीवाचन केलं. ती शाळा आम्ही गाळलेली नाही. सोडतीने जिथे बसवली तिथेच मोजली आहे.”

कुजबुज झाली. माना वळायला लागल्या. काही माना थेट तिसऱ्या रांगेकडे वळल्या, कारण माणसांना क्रमांक लक्षात राहत नाहीत पण कोण हरलं होतं ते बरोबर लक्षात राहतं. मोजणीताईने कागदावरची नजर उचलली नाही. तिला पुढची ओळ दिसत नव्हती.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“ती शाळा माझी,” आई म्हणाली. ती उभी राहिली होती. “सतरावी जोडी.”

नवव्या जोडीतले गृहस्थ वर्षभर संधीच शोधत होते. “म्हणजे बाई, तुम्ही कॉपी केलीत तर.”

“केली,” आई म्हणाली. “तेहतीस वर्षं कॉपी पकडली आणि शेवटच्या वर्षी स्वतः केली. मला वाटलं, आपली मुलं वाचायला लागली की बस, कोणाचं काय बिघडतं? तुमचं बिघडलं. तुम्हा सगळ्यांचं उत्तर मी धूसर केलं. त्याबद्दल माफी मागते.”

ती बसेल असं सगळ्यांना वाटलं. ती बसली नाही.

“आता दुसरं. ही जी समोर उभी आहे, ती चौथीत माझ्या वर्गात होती. वार्षिक परीक्षेला गणिताचा शेवटचा प्रश्न तिने घंटा वाजल्यावर लिहिला. उत्तर बरोबर होतं. मी ते हिरव्या शाईने खोडलं, आणि ती एका प्रश्नाने दुसरी आली. घरी येऊन रडली. उत्तर बरोबर आहे ना, म्हणाली. मी म्हटलं, बरोबर आहे, पण घंटेनंतरचं आहे. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.”

“दहा,” मोजणीताई हळूच म्हणाली. ध्वनिक्षेपक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

“दहा,” आई म्हणाली. “गेल्या आठवड्यात मी तिला सांगितलं, माझी जोडी काढ, पट्टी वर येते, सगळ्यांचं भलं होतं. तिने नाही काढली. मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. घरी बसून विचार केला, की हिला हा आडमुठेपणा शिकवला कोणी? आणि मग लक्षात आलं.” तिने सभागृहाकडे बघितलं. “माझ्या शाळेतली मुलं मिनिटाला किती शब्द वाचतात, त्याचा मला अभिमान आहेच. पण माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी कोण, असं मला पुढच्या आठवड्यात निरोप समारंभात विचारतील. ते उत्तर मी आजच देऊन ठेवते. आता बसते.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण पहिली टाळी कोण वाजवणार ते कोणाला ठरवता येईना. मग नवव्या जोडीतल्या गृहस्थांनीच वाजवली. मोजणीताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि राहिलेले तक्ते एकेक करून वाचून दाखवले. एकही आकडा चुकला नाही.

साहेबांना वाटली होती तशी आफत काही आली नाही. वरच्या लोकांनी अहवाल वाचला आणि पहिल्यांदाच कोणीतरी वाईट बातमी पहिल्या पानावर लिहिली म्हणून त्यावर विश्वास ठेवला. दुसरा प्रयोग मंजूर झाला, दीडशे नव्या शाळांचा. या वेळी वाट पाहणाऱ्या शाळांत वर्षभर अधूनमधून जाऊन लक्ष ठेवायला कोणी अनुभवी माणूस हवं होतं. साहेबांनीच नाव सुचवलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, असं ते म्हणाले, आणि मग कोणाच्या आईबद्दल बोलतोय ते आठवून घाईने खोकले. मोजणीताई मोकळेपणाने हसली आणि घरी जाऊन तिने तो विनोद जसाच्या तसा सांगितला. आई म्हणाली, बरोबर आहे त्यांचं.

नव्या सोडतीपर्यंत काका निवृत्त झाले होते, म्हणून नाणं उडवायचं कामही आईकडेच आलं. आता तिची कुठलीच शाळा त्यात नव्हती. बाविसाव्या जोडीला नाणं तिच्या बोटांवरून निसटलं, खुर्चीच्या पायाला आपटलं आणि काटा वर घेऊन पडलं. हरलेली मुख्याध्यापिका तरुण होती, नुकतीच त्या खुर्चीवर बसलेली. ती उठून पुढे आली.

“बाई, ते खुर्चीला लागलं. पुन्हा उडवता का?”

टेबलामागे मोजणीताईने तोंड उघडलं होतं, पण तिला बोलावं लागलं नाही.

“पडलं ते पडलं,” आई म्हणाली. तिने वाकून नाणं उचललं आणि त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. “बस माझ्याजवळ. वर्षभर वाट पाहायची म्हणजे जिवावर येतं, मला विचार. एक करायचं. घरात जुनी कॅलेंडरं असतील ना, ती आजच रद्दीत घाल.”

त्या मुलीला काही कळलं नाही. मोजणीताईने यादीत बाविसाव्या जोडीपुढे खूण केली आणि पुढचा क्रमांक पुकारला.